अजिंक्य ऑडीची माघार

वैजापूरच्याच जिल्ह्यात, शेंद्रा औद्योगिक वसाहतीत, ऑडीच्या मोटारींची जुळणी होते. याच जर्मन कंपनीने २००० ते २०१४ या काळात फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत १३ वेळा जिंकली. परंतु २०१५ मध्ये तिच्या मालक फोक्सवॅगन समूहाचा डिझेल घोटाळा उघडकीस आला. पुढच्याच वर्षी, विजेच्या मोटारींकडे वळण्याचे कारण देत, ऑडीने ल मान्स सोडले. विजेवरील फॉर्म्युला ई मालिकेतूनही २०२१ च्या हंगामानंतर ऑडी आणि बीएमडब्ल्यू बाहेर पडल्या. २०१४ च्या पहिल्या शर्यतीपासून असलेली मुंबईची महिंद्रा मात्र टिकून राहिली. २०२२ मध्ये ऑडीने फॉर्म्युला वनमधील प्रवेश जाहीर केला. कारखानदारांचे विजेते संघही अखेर संचालक मंडळाच्या हिशेबानेच येतात आणि जातात.