ढगांची नोंद ठेवणारा चित्रकार



लंडनच्या करड्या आभाळावर आपण सगळेच वैतागतो. नोव्हेंबर लागला की घरी फोन केल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं, "आज पण मळभच आहे." म्हणून हेच आभाळ ज्याने मन लावून पाहिलं, त्या जॉन कॉन्स्टेबलबद्दल थोडंसं.

तो १७७६ साली सफोकमधल्या ईस्ट बर्गहोल्ट गावात जन्मला. वडिलांचा धान्याचा व्यापार, शिवाय पाणचक्क्या आणि पवनचक्की. चित्रकार होण्याआधी पोराने काही काळ चक्कीवर काम केलं. पवनचक्कीवाल्याला आभाळ वाचता यायलाच हवं. वारा फिरला आणि पाती वेळेत वळवली नाहीत तर नुकसान ठरलेलं. म्हणजे आभाळाशी त्याची ओळख झाली ती धंद्यातून.

ढगांना नावंही त्याच काळात मिळाली. डिसेंबर १८०२ मध्ये ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध-व्यावसायिकाने सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस, निंबस अशी वर्गवारी मांडली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्कनेही प्रयत्न केला होता, पण टिकली ती हॉवर्डची नावं. कॉन्स्टेबलकडे थॉमस फॉर्स्टरचं हवामानावरचं पुस्तक होतं. त्यात ही वर्गवारी होती आणि समासात कॉन्स्टेबलने स्वतःची मतंही लिहून ठेवली होती.

पत्नी मारियाची तब्येत नाजूक, म्हणून १८१९ पासून तो शहराच्या धुरापासून दूर, उंचावरच्या हॅम्पस्टेडला घर भाड्याने घेऊ लागला. तिथे १८२१-२२ मध्ये त्याने झपाटल्यासारखं नुसतं आभाळच रंगवलं, कागदावर तैलरंगात. ढग थांबत नाही, त्यामुळे काम भराभर. मागच्या बाजूला अनेकदा तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा. आपल्या भाषेत चक्क टाइमस्टँप! १८२२ च्या ऑक्टोबरात त्याने मित्र जॉन फिशरला कळवलं की अशी पन्नासेक चित्रं झाली आहेत.

याच फिशरला आदल्या वर्षीच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की निसर्गचित्रात भावना मुख्यतः आभाळच व्यक्त करतं, ते मागे टांगलेला पांढरा पडदा नव्हे. हे हॅम्पस्टेड हीथवर उभं राहिलं की पटतं. क्युम्युलस असतील तर उन्हाचे पट्टे माळावरून सरकतात, एक झाड उजळतं, शेजारचं विझतं, लांबी-खोली कळते. सगळीकडे स्ट्रॅटस पसरला की प्रकाश अख्ख्या आभाळातून सारखाच येतो, सावल्या जातात आणि तोच माळ सपाट, उदास दिसतो. झाडं तीच, गवत तेच.

गिऱ्हाइकांना मात्र हे नेहमी पटेच असं नाही. सॅलिसबरीच्या बिशपने (तो या फिशरचा काका) कॅथीड्रलचं चित्र सांगितलं. १८२३ च्या त्या चित्रातले काळे ढग बिशपना खटकले, त्यांना उजळ आभाळ हवं होतं. पुढे १८२६ मध्ये कॉन्स्टेबलने तेच दृश्य लख्ख उजेडात पुन्हा रंगवलं. पहिलं लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयात आहे, दुसरं न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनमध्ये. शेजारी शेजारी ठेवले तर इमारत एकच, पण मनावर होणारा परिणाम वेगळा.

नोव्हेंबर १८२८ मध्ये मारिया क्षयाने गेली. मागे सात मुलं. पुढच्या वर्षी त्याने 'हॅडली कॅसल' प्रदर्शनात मांडलं: पडका बुरूज, समुद्र आणि फाटलेलं, वादळी आभाळ. चित्रात रडणारं माणूस कुणी नाही, तरी त्याचं दुःख लपत नाही.

आपण पावसाच्या मुलखातले. आपल्याला ढग म्हणजे पाणी, पेरणी, शाळेला सुट्टी. इथला ढग दिवसचे दिवस नुसता बसून राहतो, म्हणून आपल्याला तो फुकटचा वाटतो आणि आपण फक्त नसलेलं ऊन मोजतो. कॉन्स्टेबलने त्या करड्यातले फरक मोजले. मला वाटतं, परक्या मुलखात राहायचं तर तिथलं आभाळही असंच शिकून घ्यावं लागतं, भाषेसारखं.

व्ही अँड ए मध्ये प्रवेश फुकट आहे. पुढच्या मळभाच्या रविवारी पोरांना घेऊन जरूर जाऊन या.