कॉलेज करता करता नोकरी : आयकर विवरणपत्र भरावे लागते का?

लोणावळ्यातले चिक्कीचे दुकान, खंडाळ्यातल्या हॉटेलचे रिसेप्शन, पवना धरणाकाठचे तंबूंचे कॅम्प, तळेगाव एमआयडीसीतली प्रशिक्षणार्थीची जागा. मावळात कॉलेज सांभाळून कमावणारी मुले-मुली अशा ठिकाणी हमखास दिसतात. हातात पगार आला की घरात प्रश्न निघतो : आता रिटर्न भरावा लागेल का?

थोडक्यात उत्तर असे : बहुतेक विद्यार्थ्यांना ते बंधनकारक नाही. पण ज्यांचा टीडीएस कापला गेला आहे, त्यांनी विवरणपत्र भरले नाही तर स्वतःचेच पैसे सरकारकडे अडकून राहतात.

विद्यार्थ्यांसाठी वेगळा नियम आहे का?

नाही. आयकर कायदा विद्यार्थी की नोकरदार हे पाहत नाही, उत्पन्न पाहतो. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर मुलाची कमाई आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवली जात नाही. ती त्याची स्वतंत्र कमाई असते. १८ वर्षांखालील मुलाचे बँकेचे व्याज वगैरे पालकांच्या उत्पन्नात धरतात, पण त्याने स्वतःच्या मेहनतीने किंवा कौशल्याने कमावलेले पैसे त्याचेच मानले जातात.

मर्यादा किती?

१ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत ४ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे. जुन्या प्रणालीत ही मर्यादा अडीच लाख आहे. वेगळी निवड केली नाही तर नवी प्रणालीच लागू होते. पगारदाराला त्यात ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावटही मिळते.

गोंधळ होतो तो ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ या वाक्यामुळे. ते खरे आहे, पण तो कर सवलतीमुळे शून्य होतो. विवरणपत्र भरण्याची मर्यादा मात्र ४ लाखांचीच राहते. कर शून्य असणे आणि विवरणपत्र भरायची गरज नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन उदाहरणे

१) दुकानात महिना १२,००० रुपये. वर्षाचे १ लाख ४४ हजार झाले. टीडीएस नाही. विवरणपत्र बंधनकारक नाही.

२) शेवटच्या वर्षाला असतानाच कंपनीत महिना ४०,००० रुपयांची नोकरी. वर्षाचे ४ लाख ८० हजार, प्रमाणित वजावट जाता ४ लाख ५ हजार. कर शून्य, पण विवरणपत्र भरावेच लागेल.

३) घरबसल्या एका कंपनीसाठी डिझाइनचे काम, वर्षाचे ९०,००० रुपये. कंपनीने व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के, म्हणजे ९,००० रुपये टीडीएस कापला. दुसरे उत्पन्न नाही. विवरणपत्राची सक्ती नाही, पण ते भरल्याशिवाय ९,००० रुपये परत मिळणार नाहीत.

वर्षभरात एकूण टीडीएस २५,००० रुपये किंवा जास्त कापला गेला असेल, तर उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र बंधनकारक होते. परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांपेक्षा जास्त खर्च केला तरीही तसेच.

उत्पन्नात काय धरायचे?

रोख मिळालेला पगारही उत्पन्नच. हॉटेलात मिळणारी टीप, बँकेचे व्याज आणि शेअरमधला नफा हेही धरायचे. स्वतःचे तंबू भाड्याने देणाऱ्याने खर्च वजा जाता उरलेला नफा धरायचा. कंपनीत कामाच्या बदल्यात मिळणारे विद्यावेतन उत्पन्नात धरणेच सुरक्षित.

शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. घरून मिळणारा खर्चाचा पैसा उत्पन्न नाही. इंद्रायणी भाताचे किंवा इतर शेतीचे उत्पन्नही करमुक्त आहे.

पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर हा राज्य सरकारचा. तो आयकर नव्हे आणि विवरणपत्र भरून परत मिळत नाही.

टीडीएस कापला का, हे कसे कळेल?

आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पॅनने नोंदणी करून ‘फॉर्म २६एएस’ आणि वार्षिक माहिती विवरण पाहावे. कोणी किती रक्कम दिली आणि किती कर भरला, हे त्यात दिसते. मालकाने पगारातून ‘टॅक्स’ म्हणून पैसे कापले, पण तिथे नोंद नसेल, तर आधी त्याच्याकडे विचारणा करावी. पॅन दिलाच नसेल, तर कापायच्या रकमेवर २० टक्क्यांपर्यंत टीडीएस जाऊ शकतो. म्हणून कामावर रुजू होतानाच पॅन द्यावा.

रिटर्न भरला तर घरच्या योजना बंद होतील का?

ही भीती अनेक घरांत असते. विवरणपत्र भरणे म्हणजे कर भरणे नव्हे. परतावा मागणाऱ्या विद्यार्थ्याचा कर शून्यच असतो. पण काही योजनांत कुटुंबाच्या उत्पन्नाचीही अट असते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत ती अडीच लाखांची आहे, शिवाय कुटुंबात आयकरदाता नसावा असेही म्हटले आहे. घरातल्या अविवाहित मुलाचा पगार विवरणपत्र भरल्यामुळे वाढत नाही आणि न भरल्यामुळे लपतही नाही, कारण टीडीएसची नोंद पॅनवर आधीच झालेली असते. वडगाव मावळच्या तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढताना सांगितलेले आकडे आणि विवरणपत्रातले आकडे एकमेकांशी जुळतील, एवढी काळजी घ्यावी.

कोणता फॉर्म, कधीपर्यंत?

फक्त पगार आणि व्याज असेल तर ‘आयटीआर-१’, म्हणजे ‘सहज’. लहान व्यवसाय किंवा फ्रीलान्स कामासाठी बहुधा ‘आयटीआर-४’, म्हणजे ‘सुगम’. शेअर कमी मुदतीत विकून नफा झाला असेल किंवा फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार असतील तर हे दोन्ही फॉर्म चालत नाहीत. तिथे जाणकाराची मदत घ्यावी. शेअरमधला तोटा पुढच्या वर्षांत वळता करायचा असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते.

पगारदारांसाठी मुदत ३१ जुलै २०२६ आहे. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते. उत्पन्न करमुक्त मर्यादेत असेल तर त्याला विलंब शुल्क नाही. मर्यादेपेक्षा जास्त पण ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये आणि त्यापुढे ५,००० रुपये. डिसेंबर उलटल्यावर परतावा मिळवणे फार अवघड होते.

विवरणपत्र स्वतः ऑनलाइन भरायला पैसे लागत नाहीत. पॅन-आधार जोडलेले आणि बँक खाते पडताळलेले हवे. सादर केल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी करायची. ती राहिली तर भरलेले विवरणपत्र ग्राह्य धरले जात नाही.