पंपावरचे ओले फडके

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा रस्ता सुमारे १४० किलोमीटरचा आहे. १९७० ते १९९० या काळात मे महिन्यात या रस्त्याने फियाट गाडीतून गेलेल्यांना एक दृश्य नक्की आठवेल. गाडी सकाळी बिनतक्रार निघते. अहमदपूरला सगळे चहाला उतरतात. पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन सेल्फ मारावा, तर इंजिन नुसते फिरत राहते, पेट घेत नाही. मग चालक बॉनेट उघडतो, एक फडके पाण्यात बुडवून पेट्रोलच्या पंपावर टाकतो, थोडा वेळ सावलीत उभा राहतो आणि पुन्हा किल्ली फिरवतो. गाडी सुरू होते.

फडके टाकले आणि गाडी सुरू झाली. तेव्हा पंप तापला होता, हे यावरून सिद्ध झाले का? हा प्रश्न वर्गात विचारण्यासारखा आहे. बहुतेक विद्यार्थी 'हो' म्हणतील. मात्र या उत्तरात एक पळवाट आहे, आणि तिच्यामुळे कित्येक गाड्यांचे खरे दुखणे वर्षानुवर्षे झाकलेले राहिले. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

ज्या गाडीला आपण फियाट म्हणत होतो ती मुंबईत कुर्ल्याला तयार होत असे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाल्यावर ११०० ही गाडी इथे बनू लागली. १९६४ मध्ये तिचे 'डिलाइट' हे रूप आले आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. तिचे चार सिलिंडरचे, १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन मात्र याहून बरेच जुने होते. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर ही मापे फियाटने १९३७ सालीच ठरवली होती. (विद्यार्थ्यांकडून या मापांवरून १०८९ हा आकडा काढून घ्यावा, चांगले उदाहरण होते.)

आपल्या लग्नाच्या वरातीत आणि टॅक्सीच्या रांगेत दिसणाऱ्या या गाडीचे एक उमदे भावंड होते, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत 'चिसितालिया' नावाच्या छोट्या स्पोर्ट्स कार निघाल्या. त्यांत हेच १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, थोडे जास्त ताकदीचे करून, बसवलेले होते. १९४७ ची 'चिसितालिया २०२' इतकी देखणी होती, की न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ च्या प्रदर्शनात ती मांडली. तापल्यावर सुरू न होणे ही तक्रार जुन्या स्पोर्ट्स कारबद्दल जगभर ऐकू येते, कारण त्यांत ताकदीचे इंजिन अरुंद जागेत कोंबलेले असते. आपल्या फियाटची जागा तेवढी अरुंद नव्हती. ती उणीव मराठवाड्याच्या उन्हाने भरून काढली.

आता पेट्रोल इंजिनापर्यंत कसे पोचते ते पाहू. फोर्डच्या १९०८ च्या मॉडेल टी गाडीत टाकी इंजिनापेक्षा उंचावर होती आणि पेट्रोल उतारानेच खाली येई. चढ फार तीव्र असला आणि टाकीत पेट्रोल कमी असले तर ही गाडी उलटी फिरवून मागे-मागे चढवावी लागे. मात्र या पद्धतीचा एक मोठा गुण होता. नळीत वाफेचा बुडबुडा झाला तरी तो वर टाकीत निघून जाई. पुढे टाकी सुरक्षिततेसाठी गाडीच्या मागच्या टोकाला आणि खालच्या पातळीला गेली. पेट्रोल वर खेचून आणण्यासाठी १९२० च्या दशकाच्या अखेरीस पडद्याचा यांत्रिक पंप रूढ झाला. तो इंजिनालाच बसवलेला असतो आणि इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालतो. फियाटचा पंपही याच जातीचा.

गडबड इथेच झाली. हा पंप तापलेल्या इंजिनाला चिकटून बसतो आणि मागच्या टाकीतले पेट्रोल ओढतो. ओढायचे म्हणजे नळीतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी करायचा. दाब कमी झाला की द्रवाचा उत्कलनबिंदू उतरतो. हे वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये साधारण ७० अंश सेल्सियसचे थोडे पाणी घ्या, तोंड बोटाने बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. शंभर अंशांना उकळणारे पाणी ७० अंशांनाच बुडबुडे सोडू लागेल. (हा प्रयोग पेट्रोल घेऊन कधीही करू नये.)

पेट्रोल हे पाण्यासारखे एकच संयुग नाही. ते शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपास उकळू लागतात, जड घटक दोनशे अंशांपर्यंत टिकतात. पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंशांना मोजण्याची प्रथा आहे. भारतीय मानकातल्या कमाल मर्यादेच्या आसपासचा, म्हणजे ६० किलोपास्कलचा, आकडा घेऊन हिशोब केला तर नांदेडच्या हवेच्या दाबाला असे पेट्रोल पन्नास-बावन्न अंशांना उकळू लागेल. पंपाने दाब आणखी २० किलोपास्कलने उतरवला तर पंचेचाळीस अंशांनाच. मे महिन्यात नांदेडची हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असते! पंपात वाफ भरली की पडदा वरखाली होत राहतो, वाफ दबते आणि पसरते, पेट्रोल पुढे सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. आपले मिस्त्री त्याला एअर लॉक म्हणत, पण तिथे हवा नसते, पेट्रोलचीच वाफ असते. डिझेलचे घटक दीडशे अंशांच्या पुढे उकळू लागतात, त्यामुळे ट्रकवाल्यांना हे फडके कधी लागले नाही.

अमेरिकेत १९३० च्या सुमारास नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत ब्रिजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेपर लॉकचा पद्धतशीर अभ्यास केला. पेट्रोलचा बाष्पदाब आणि वाफ कोंडण्याचे तापमान यांचा संबंध त्यातून हाती आला. आपल्याकडच्या पेट्रोलच्या मानकातही व्हेपर लॉकचा निर्देशांक आला आणि उन्हाळ्यासाठी त्याची मर्यादा अधिक कडक ठेवली गेली.

मग ओल्या फडक्याने खरोखर काही होते का? होते, आणि मुंबईपेक्षा मराठवाड्यात जास्त होते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. माठ आणि वाळ्याचे पडदे याच तत्त्वावर चालतात. हवा ४२ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ ते २० टक्के असेल तर ओल्या फुग्याचा तापमापक २२ ते २४ अंश दाखवतो. मुंबईत हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असताना तोच तापमापक २८ अंशांच्या वर राहतो. म्हणजे हवा आठ अंशांनी जास्त तापलेली असूनही नांदेडचे फडके जास्त गार! पाणी किती लागेल? पंपाचे वजन अर्धा किलो आणि धातू ॲल्युमिनियमसारखा धरू. तो ४० अंशांनी थंड करायला सुमारे १८ किलोज्यूल उष्णता काढावी लागेल. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल घेते. तेव्हा साडेसात ग्रॅम, म्हणजे दीड चमचा पाणी पुरे. प्रत्यक्षात इंजिनातून पंपाकडे उष्णता येतच राहते, म्हणून फडके पुन्हा भिजवावे लागते. तरीही तांब्याभर पाणी पुष्कळ झाले. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा हिशोब उगाच केलेला नाही.

आता त्या पळवाटेकडे येऊ. अमेरिकेत १९४०-५० च्या काळात लोक पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावत आणि गाडी सुरू झाली की चिमट्यांचे गुण गात. लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे. चिमट्याने नळी गार होण्याचे फारसे कारण नाही. पण चिमटे शोधून, बॉनेट उघडून ते लावीपर्यंत दहा मिनिटे निघून जातात आणि उघड्या बॉनेटमधून गरम हवा वर जाते. चिमटे लावले नसते तरी गाडी सुरू झालीच असती. ओल्या फडक्याचा परिणाम खरा आहे, पण त्याच्याबरोबरही वाट पाहणे आणि बॉनेट उघडणे येतेच. तापल्यावर होणारा कोणताही बिघाड गार झाल्यावर बरा होतो. म्हणून गाडी गार करून निदान करता येत नाही. जे पाहायचे ते गाडी हटून बसलेली असतानाच पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट, इंजिन फिरते कसे? गरम तेल पातळ असते, त्यामुळे तापलेले इंजिन थंड इंजिनापेक्षा सहज फिरायला हवे. ते रडत फिरत असेल किंवा नुसता 'टक' आवाज येत असेल तर पेट्रोलला दोष देण्यात अर्थ नाही. ३० अंशांवरून १०० अंशांवर गेल्यास तांब्याचा विद्युतरोध सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. स्टार्टर दीडशे अँपिअर प्रवाह घेत असेल आणि एखाद्या गंजलेल्या जोडात एक शतांश ओहम रोध असेल, तर तिथेच दीड व्होल्ट खर्ची पडतात. फोक्सवॅगनच्या मागे इंजिन असलेल्या जुन्या गाड्यांत किल्लीची लांब वायर पुढून मागे येई, आणि तापलेल्या स्टार्टरच्या सोलेनॉइडला पुरेसे व्होल्ट मिळत नसत. त्यावर जास्तीचा रिले बसवणे हा मान्य उपाय ठरला. तिथे पंपावर घागरभर पाणी ओतले असते तरी उपयोग नव्हता.

इंजिन झपाट्याने फिरते पण पेटत नाही, तर ठिणगी पाहावी. तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर दगा देतो आणि गार झाला की निमूट काम करतो. हे काम जाणत्या मिस्त्रीनेच, सांडलेल्या पेट्रोलपासून दूर करावे. ठिणगी चांगली असेल तर प्लग काढून पाहायचा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. हेच व्हेपर लॉक, आणि इथेच फडक्याला मान आहे. पण प्लग ओला निघाला आणि पेट्रोलचा वास दरवळला, तर प्रकार अगदी उलटा असतो. गाडी उभी केली की पंखा आणि पाण्याचा पंप थांबतात, आणि इंजिनातली उष्णता आसपासच्या भागांत मुरते. बॉनेटखालचे तापमान इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे वाढतच जाते. या उष्णतेने कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून इंजिनात सांडते. पेट्रोल कमी पडलेले नसते, जास्त झालेले असते. उपाय म्हणजे चोकला हात न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे हवा जाऊन सिलिंडर कोरडे होतात. अहमदपूरचा चहा बरोबर या वीस मिनिटांच्या शिखरावर येत असे. दोन मिनिटांत निघाले असते किंवा जेवून दीड तासाने निघाले असते, तर गाडीने बहुधा तक्रार केली नसती.

मोठ्या कारखान्यांनाही हे एका फटक्यात जमलेले नाही. पोर्शे ९१४ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार विजेच्या पंपाची होती, पण पंप इंजिनाजवळच्या गरम भागात बसवलेला होता आणि वाफ कोंडण्याच्या तक्रारी येत राहिल्या. १९७५ च्या गाड्यांपासून तो पुढे टाकीजवळ नेला. मग पंप पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलू लागला. १९७३ पासून पोर्शे ९११ मध्ये आलेल्या बॉशच्या यांत्रिक इंजेक्शनमध्ये तर इंजिन बंद झाल्यावरही नळीतला दाब टिकवणारा एक साठवण-डबा होता. त्याची झडप गळू लागली की गाडी गरम असताना हटून बसते आणि थंड असताना गुणी वागते, एवढ्यावरून जाणकार तिचे दुखणे ओळखतात. भारतात २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि टाकीतच पंप असलेले इंजेक्शन सर्रास आले. सुमारे तीन वातावरणांचा दाब असलेल्या नळीत पेट्रोल सहजी उकळत नाही.

त्याच सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. मुंबईच्या टॅक्सी त्याआधीच सीएनजीवर गेल्या होत्या, आणि मुळात वायूच असलेल्या इंधनाला उकळण्याची भीती नसते. हौसेने सांभाळलेल्या पेट्रोलच्या फियाट आजही क्वचित दिसतात. त्यांच्या टाकीत आता इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पडते, ज्यातले काही इथेनॉल लातूर-नांदेडसारख्या ऊसपट्ट्यांतूनच येते. शुद्ध इथेनॉलचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा बराच कमी असतो, तरी पाच-दहा टक्के मिसळल्यावर मिश्रणाचा बाष्पदाब मूळ पेट्रोलपेक्षा वाढतो. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात आदर्श द्रावणापासून धन विचलन शिकवतो त्याचे हे रस्त्यावरचे उदाहरण. वीस टक्क्यांच्या मिश्रणात ही वाढ थोडी ओसरते, पण नाहीशी होत नाही.