तांब्याच्या तारेतून आधी काय काढावे लागले?

जानेवारी 2005 मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोन असलेल्या घरांत नवी तार ओढावी लागली नाही. आवाज वाहणारी जुनी तांब्याची तारजोडीच इंटरनेट आणू लागली. मग तीच तार इतकी वर्षे संथ का होती? उत्तरासाठी शतकभर मागे जावे लागते.

लांब तारजोडीची धारिता मोठी असते. त्यामुळे उच्च वारंवारता लवकर क्षीण होतात आणि बोलणे अस्पष्ट होते. तारेचे स्वयंप्रवर्तन वाढवल्यास हा दोष कमी होतो, हे ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1887 मध्ये गणिताने दाखवले. ब्रिटिश टपाल खात्यातील विल्यम प्रीस यांनी त्यास विरोध केला. पुढे 1900 मध्ये मायकेल प्युपिन यांना अमेरिकेत पेटंट मिळाले आणि ठरावीक अंतरावर वेटोळी, म्हणजे लोडिंग कॉइल, बसू लागली. दूरचा आवाज स्पष्ट झाला. पण सुमारे चार किलोहर्ट्झच्या वरचा मार्ग त्या वेटोळ्यांनीच बंद केला.

1962 मध्ये बेल कंपनीने शिकागो परिसरात टी-1 ही अंकीय प्रणाली सेवेत आणली. दोन तारजोड्यांवरून एकाच वेळी 24 संभाषणे, सेकंदाला 15.44 लाख बिट. त्यासाठी दर 6000 फुटांवरील वेटोळी काढून त्याच मॅनहोलमध्ये पुनर्जनक बसवले गेले. साधा ॲम्प्लिफायर संदेशाबरोबर गोंगाटही वाढवतो. पुनर्जनक मात्र स्पंद आहे की नाही एवढेच ठरवतो आणि नवा, स्वच्छ स्पंद पाठवतो. भारताने युरोपातील 30 संभाषणांची, 20.48 लाख बिटांची पद्धत स्वीकारली.

घरापर्यंतच्या तारेचा प्रश्न नंतर सुटला. घराकडे येणारा प्रवाह मोठा आणि उलट जाणारा लहान ठेवावा, ही कल्पना जोसेफ लेक्लायडर यांची. जॉन चिऑफी यांच्या गटाने सुमारे 1.1 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा 4.3125 किलोहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यांत विभागला. ज्या पट्टीत गोंगाट कमी, तिच्यावर अधिक बिट. हीच एडीएसएल. तिच्यासाठी लाइन तयार करणे म्हणजे मुख्यतः वजाबाकी होती. उरलेली वेटोळी काढायची. केबलला पूर्वी जोडलेले आणि आता वापरात नसलेले फाटे तोडायचे, कारण फाट्याच्या मोकळ्या टोकावरून परतणारी लहर काही वारंवारता पुसून टाकते. पावसाचे पाणी शिरलेले सांधे नव्याने बांधायचे. शेवटी घरात एक छोटा स्प्लिटर बसवून आवाज आणि डेटा वेगळे करायचे.

तरीही एक मर्यादा उरली. भारताच्या 2004 च्या धोरणात सेकंदाला 256 किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान पातळी ठरली होती. एक्स्चेंजपासून अंतर पाच किलोमीटरांच्या आसपास गेले, की तांब्याचा क्षय तेवढेही सहज मिळू देत नाही. म्हणून एक्स्चेंजलगतच्या घराला जे मिळाले, ते तारेच्या टोकावरील वाडीला मिळाले नाही. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची, पुढे भारतनेट नावाने ओळखली गेलेली योजना 2011 मध्ये मंजूर झाली, तिच्यामागील एक भौतिक कारण हे आहे.

वेटोळ्यांनी घातलेली मर्यादा माणसाची होती; ती वेटोळी काढताच गेली. अंतराची मर्यादा तांब्याची होती. तिच्यासाठी माध्यमच बदलावे लागले. एखादी यंत्रणा मागे पडते, तेव्हा यांपैकी कोणती मर्यादा आड येते आहे, हे आधी तपासायला हवे.