आलवण आणि शील

विधवेने डोके भादरायचे, कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या आणि चोळीविना तांबडे आलवण नेसायचे, ही चाल एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ब्राह्मणांत आणि त्यांचे आचार पाळणाऱ्या इतर काही घरांत पक्की रुजली होती. आलवण हा धर्माचा पोशाख मानला जाई. ते नेसलेली बाई सोवळी, म्हणून तिचा स्वयंपाक देवाच्या नैवेद्याला चाले. केस राखलेली विधवा मात्र ‘सकेशा’. अनेक घरांत तिच्या हातचे पाणीही चालत नसे. तिचे वागणे कसे आहे, हे कोणी विचारत नसे.

या चालीला आधार म्हणून स्कंदपुराणातील काशीखंड पुढे केले जाई. विधवेची वेणी परलोकात पतीला बंधन ठरते, असे त्यात म्हटले आहे. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात ही चाल उत्तरकाळातली असल्याचे दाखवले. पण शास्त्र कोण तपासणार? ठरावीक दिवसांनी न्हावी घरी येई, मागल्या पडवीत किंवा परसात बाई मान खाली घालून बसे आणि वस्तरा फिरे. पुन्हा पदर डोक्यावरून ओढून ती चुलीपाशी जाई. नवऱ्याशी धड बोलणेही न झालेल्या मुलींच्या वाट्याला हेच येई. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतील यमूचे केशवपन बळजबरीने होते, आणि त्या काळच्या वाचकांना त्यात अतिशयोक्ती वाटण्याचे कारण नव्हते.

आलवणाने शील राखले जाते, हा दावा त्याच काळात उघडा पडला. पुण्यात काशीबाई या ब्राह्मण विधवेला एका शास्त्र्याने फसवले. लोकलाजेने तिने नवजात मूल मारले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या प्रकरणाने व्यथित होऊन जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचा अशाच आरोपावरचा खटला 1881 मध्ये गाजला, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (1882) लिहून विचारले की पतिव्रताधर्माचे सगळे ओझे एकट्या बाईवरच का? प्रश्न बिनतोड होता. बायको मेलेल्या पुरुषासाठी कोणताही वेश नव्हता; तो महिन्याभरात बोहल्यावर चढे.

1890 च्या सुमारास मुंबईच्या न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचे ठरवले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, याचे मोल मोठे आहे. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले यांनी आलवणातच आश्रमासाठी दारोदार फिरून वर्गणी जमवली. पुढे त्यांनी केस राखले, वेश बदलला आणि त्या आश्रमासाठीच अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. त्यांची निष्ठा दोन्ही वेशांत तीच राहिली. ती आलवणाची देणगी नव्हती.

विसाव्या शतकात शिक्षण आणि नोकरीबरोबर आलवण नाहीसे झाले. कुंकू पुसणे आणि बांगड्या फोडणे मात्र जातीपातींपलीकडे टिकून राहिले. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना तसेच करण्याचे आवाहन केले.