सहारची वाट

आमच्या पालघर-बोईसर भागात जुनी माणसं अजूनही 'एअरपोर्टला जातो' असं म्हणत नाहीत. 'सहारला जातो' म्हणतात. त्यांच्याही आधीची होती, ती 'सांताक्रुझला' म्हणायची. १९९९ साली या विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, २०१८ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्दही आला. नाव अभिमानाचंच आहे. पण गावाकडच्या तोंडी बसलंय ते सहारच. कवितेच्या नादी लागलेल्या माणसाला नावांचा चाळा असतो, तेव्हा आज या विमानतळाची गोष्ट नावांच्या मागून जात सांगतो.

पहिलं नाव जुहूचं. १९२८ साली तिथे विमानं उतरू लागली. विमानतळ कसला, समुद्राकाठचं चिखलाचं मैदान ते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान एका इंजिनाचं, पस मॉथ जातीचं, आणि टपाल जेमतेम पंचवीस किलो. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. आपल्या देशातल्या विमानसेवेचा उगम तो हाच. आता गंमत पाहा. नकाशावर अहमदाबाद आणि जुहू यांच्यामध्ये पट्टी ठेवलीत, तर रेघ थेट पालघर-बोईसरवरून जाते. त्या काळचे वैमानिक किनारा आणि रेल्वेचे रूळ बघत वाट काढायचे. आमच्याकडे दोन्ही शेजारी शेजारी आहेत!

पावसाळा आला की जुहू पाण्याखाली जाई. मग टाटांचा सगळा बारदाना पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलत असे. मुंबईचा विमानतळ जागा बदलत आला आहे, तो असा पहिल्यापासून.

दुसरं नाव सांताक्रुझ, म्हणजे पोर्तुगीज भाषेत पवित्र क्रूस. आम्हाला ते परकं वाटायचं कारण नाही. केळवे, शिरगाव, तारापूर या आमच्या किल्ल्यांवरही पोर्तुगीजांचं राज्य होतं. सांताक्रुझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरली आणि युद्ध संपल्यावर ती मुलकी विमानांसाठी मोकळी झाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. स्वतंत्र भारतातून युरोपला निघालेली ती आपली पहिली विमानसेवा. राजे-महाराजे, उद्योगपती असल्या मंडळींसाठीच ती होती, हे वेगळं सांगायला नको.

याच मार्गाने तारापूरच्या इतिहासाला एक घाव बसला आहे. डॉ. होमी भाभांनी देशातला पहिला अणुवीज प्रकल्प तारापूरला आणला. १९६३ साली अमेरिकेशी करार झाला, पुढच्या वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळालं आणि आमच्या किनाऱ्यावर यंत्रं येऊ लागली. जानेवारी १९६६ मध्ये भाभा व्हिएन्नाच्या बैठकीसाठी मुंबईहून एअर इंडियाच्या 'कांचनजंगा' या बोइंग विमानाने निघाले. २४ तारखेला जिनिव्हाला उतरण्यापूर्वी ते विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ माणसं गेली, कोणी वाचलं नाही. १९५० साली 'मलबार प्रिन्सेस' कोसळलं तेही याच पर्वतावर. तारापूरची वीज १९६९ मध्ये सुरू झाली. ज्याने ती योजली, त्याला ती पाहता आली नाही.

यापुढची गोष्ट मात्र आमच्या घरातली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत पैसा आला आणि फिटर, वेल्डर, सुतार, ड्रायव्हर यांना तिकडून बोलावणी येऊ लागली. माझे मामू बोईसरच्या एमआयडीसीत फिटर होते. तेही गेले. जायच्या दिवशी निम्मं गाव स्टेशनवर. डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली, त्यापूर्वी शटल नाहीतर एखादी मेल धरायची, मग टॅक्सी. लोखंडी ट्रंकेला सुतळी बांधलेली, वर इंग्रजीत नाव रंगवलेलं. विमान रात्री असलं तरी माणसं दुपारपासून विमानतळाबाहेर पथारी पसरून बसायची. राजे-महाराजांसाठी सुरू झालेलं ते विमान, त्याच्या रांगेत आता बोईसरचा फिटर उभा होता. मला विचाराल तर या विमानतळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच. इमारती काय, बदलत असतातच.

१ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो विमान उड्डाणानंतर काही मिनिटांतच वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ जण बुडाले. विमानाचा कल दाखवणारं उपकरण बिघडलं आणि समुद्रावरच्या अंधारात वैमानिकाला अंदाज आला नाही, असं चौकशीत निघालं. मी तेव्हा लहान होतो. घरी रेडिओभोवती जमलेली बायामाणसं तेवढी आठवतात. मामू दुबईतच होते, सुखरूप होते, पण ती खात्री पत्रानेच व्हायची आणि पत्राला दिवस लागायचे.

सांताक्रुझ अपुरं पडू लागलं तेव्हा पलीकडच्या अंगाला, सहार गावाजवळ, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी विमानांसाठी नवी इमारत उभी राहिली. हे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव. त्यांचं चर्च आजही तिथे आहे. त्यांच्या नावाने लाखो लोक देशोदेशी गेले. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं तेव्हा अम्मानहून एअर इंडियाने जवळपास दोन महिने फेऱ्या करून एक लाखाहून अधिक माणसं परत आणली. त्यातली बहुतेक सहारलाच उतरली. हातात एक पिशवी घेऊन उतरलेली माणसं आमच्याही भागात आली होती. हजची जहाजंही १९९५ साली थांबली. त्यापूर्वी मुंबई बंदरातून जिद्दाला बोटीने जायचं आणि निरोपाला धक्क्यावर गर्दी व्हायची. ती गर्दीही मग सहारला येऊ लागली.

२००६ मध्ये विमानतळ खासगी कंपनीकडे गेला, २०१४ मध्ये नवं टर्मिनल झालं, २०२१ मध्ये व्यवस्थापन अदानी समूहाकडे आलं. टर्मिनल देखणं आहे, यात शंका नाही. पण दुखणं आहे जमिनीवर. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. चारी बाजूंनी वस्ती, हातपाय पसरायला जागा नाही. म्हणून जुहूसारखीच पुन्हा नवी जागा शोधणं आलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदी वळवली, दहा गावं हलवली. तिथल्या भूमिपुत्रांनी दि. बा. पाटलांचं नाव मागत २०२१ साली मोठं आंदोलन केलं. हा हट्ट उगीच नव्हता. १९८४ च्या लढ्यातून, गोळीबार सोसून, दिबांनी शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवून दिला होता.

आणि आता पाळी आमची आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी पालघरमध्ये झाली. मुंबईचा तिसरा विमानतळही वाढवणजवळ व्हावा, असं राज्य सरकारने जाहीर केलं आहे. याच वाढवणच्या बंदराला डहाणू प्राधिकरणाने १९९८ साली नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, ती आमच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे इथल्या माणसाला पुनर्वसन हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. विमान नको असं इथे कोण म्हणेल? आमच्या घरांवरचे पत्रे जाऊन स्लॅब आले ते विमानानेच. प्रश्न वेगळा आहे. उलव्याच्या शेतकऱ्याकडे सातबारा होता, त्यावर त्याला भांडता आलं. वाढवणला भराव पडायचा आहे समुद्रात आणि समुद्राचा सातबारा निघत नाही. तिथे डोल कुणी कुठे लावायची, हे मच्छीमारांच्या पिढ्यांनी आपापसांत ठरवलेलं आहे. भरपाईच्या टेबलावर ते कोण वाचणार?

सातपाटीच्या एका तांडेलाशी मी यावर बोललो. मासळी मिळण्याच्या जागांनाही नावं असतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. कुठली जागा एखाद्या खडकावरून ओळखायची, कुठली किनाऱ्यावरचं देऊळ आणि माड एका रेषेत आले की. ती नावं नकाशावर नाहीत. पंधरा-वीस मी वहीत उतरवून घेतली. उरलेली सांगायला त्यांनी नारळी पौर्णिमेनंतर बोलावलं आहे. तेव्हा होड्या पाण्यात असतील, दाखवता येतील म्हणाले.