भिजलेल्या मैदानावरील क्रिकेट

क्रिकेट हा कोरड्या हवेचा खेळ होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या इंग्लंडात तो वाढला, तेथे भर उन्हाळ्यातही पावसाचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे पाऊस आणि क्रिकेट यांचे नाते खेळाइतकेच जुने आहे. इतरत्र पाऊस आला की खेळाडू आडोसा शोधतात. मुंबईने मात्र ऐन पावसाळ्यातच हौशी खेळाडूंची एक मोठी स्पर्धा भरविली. या स्पर्धेचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी प्रथम भिजलेल्या खेळपट्टीचा पूर्ववृत्तान्त पाहिला पाहिजे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील खेड्यापाड्यांतून क्रिकेटला बहर आला. हॅम्पशायर परगण्यातील हॅम्बल्डन हे त्यांतील सर्वांत नामांकित गाव. गावाबाहेरील ब्रॉडहाफपेनी डाऊन या उघड्या माळावर जमीनदार, शेतकरी आणि कारागीर एकत्र खेळत. १७७७ साली या एका क्लबाच्या संघाने अखिल इंग्लंडच्या संघाचा एक डाव व १६८ धावांनी पराभव केला. त्या काळी खेळपट्टीची निगा आजच्यासारखी राखली जात नसे. माळावर जशी जमीन असेल, तशी ती पत्करावयाची. १७७४ च्या नियमांनी तर खेळपट्टीची नेमकी जागा निवडण्याचा अधिकार, ठरलेल्या मर्यादेत, पाहुण्या संघाला दिला होता. १७८८ साली मेरिलिबोन क्लबाने नियमांची सुधारणा केली. सामना चालू असता खेळपट्टीवर रूळ फिरविणे, पाणी देणे, गवत कापणे वा ती झाकणे, या गोष्टी दोन्ही पक्षांची संमती असेल तरच कराव्यात, असे ठरले. आभाळाने जे दिले ते एका पक्षाने आपल्या सोयीसाठी बदलू नये, हे त्यामागील तत्त्व होते.

आता ओल्या खेळपट्टीचे गुण पाहू. जमीन पुरती भिजलेली असली, तर चेंडू तिच्यावर पडून संथ होतो. चेंडूही ओला होऊन हातातून निसटू लागतो, गोलंदाजाचे पाय घसरतात आणि पावलाखाली लाकडाचा भुसा टाकावा लागतो. येथवर फलंदाजाचे काही बिघडत नाही. खरी परीक्षा सुरू होते ती ऊन पडल्यावर. वरचा थर सुकू लागतो, पण खालची माती ओलीच असते. अशा चिकट मातीत चेंडू रुततो आणि मग एखादा अकस्मात छातीपर्यंत उसळतो, एखादा हातभर वळतो, तर एखादा जागीच अडखळतो. फलंदाज बॅट पुढे करतो, पण चेंडू अद्याप आलेलाच नसतो, आणि सोपा झेल उडतो. कोरड्या खेळपट्टीवर मिळविलेली कीर्ती अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाही.

मुंबईची ही स्पर्धा ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते डॉ. होरमसजी कांगा हे नामांकित पारशी खेळाडू होते. १९११ साली जो हिंदी संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, त्यात त्यांचा समावेश होता. याच संघात धारवाड येथे जन्मलेले डावखुरे फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू होते. ज्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसाला सहखेळाडूंच्या पंक्तीला बसणेही दुरापास्त होते, त्या काळी बाळूंनी त्या एका दौऱ्यात ११४ बळी मिळविले.

पुढे १९४७ च्या अखेरीस स्वतंत्र भारताचा संघ लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियास गेला. ब्रिस्बेन येथील पहिल्या कसोटी सामन्यात ब्रॅडमनने १८५ धावा केल्या आणि त्यानंतर पावसाने खेळपट्टी चिकट झाली. भारताचा पहिला डाव ५८ धावांत आटोपला, दुसरा ९८ धावांत. टोशॅक या गोलंदाजाने पहिल्या डावात अवघ्या २ धावा देऊन ५ बळी टिपले. वस्तुतः या संघात उत्तम फलंदाजांची वाण नव्हती. सांगलीचे सुपुत्र आणि बडोद्याचे खेळाडू विजय हजारे यांनी याच दौऱ्यात ॲडलेड येथे एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके काढली. तेव्हा उणीव होती ती गुणांची नव्हे, तर ओल्या मातीशी असलेल्या परिचयाची.

त्यानंतर काही महिन्यांनी, १९४८ च्या पावसाळ्यात, मुंबईत कांगा लीग सुरू झाली. एका घटनेतून दुसरी जन्मली असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु ब्रिस्बेनला ज्याची उणीव भासली, तेच या मैदानांवर दर रविवारी शिकावयास मिळू लागले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, दादरचे शिवाजी पार्क अशा ठिकाणी हे सामने होत. खेळपट्टी झाकलेली नसे. बाहेरचे गवत इतके माजलेले असे, की जमिनीलगत मारलेला उत्तम फटका चार पावलांवर अडून राही. म्हणून धावा हव्या असतील तर चेंडू उंच मारण्याचे साहस करावे लागे, किंवा एकेक धाव पळून काढावी लागे. आझाद मैदानावर तर एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असे. आठवडाभर कचेरीत वा बँकेत काम करणारा गृहस्थ, शाळकरी मुलगा आणि कसोटीवीर या सर्वांना तो एकच चिखल तुडवावा लागे. १९८४ साली सचिन तेंडुलकर या स्पर्धेत प्रथम उतरला, तेव्हा तो ११ वर्षांचा होता.

या शाळेचे फळ लागलीच पदरात पडले, असे मात्र नाही. १९५२ च्या जुलैमध्ये हजारे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ मँचेस्टरच्या भिजलेल्या खेळपट्टीवर एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२ धावांत. ट्रूमनने पहिल्या डावात ३१ धावांत ८ बळी घेतले. तेथे ओलाव्याबरोबर वेगही होता, आणि मैदानावरच्या रविवारांनी त्याची सवय होण्यासारखी नव्हती. इंग्लंडमध्ये मालिका जिंकण्यास १९७१ साल उजाडावे लागले. त्या संघाचे नायक अजित वाडेकर मुंबईच्याच मैदानांवर वाढलेले होते.

उघड्या खेळपट्टीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सकाळी एका संघाला सोपी जमीन मिळावी आणि दुपारच्या सरीनंतर दुसऱ्याच्या वाट्यास दलदल यावी, हा कोणता न्याय? आक्षेप खरा आहे. म्हणूनच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या सामन्यांच्या खेळपट्ट्या ताडपत्रीखाली गेल्या आणि चिकट खेळपट्टी कसोटी क्रिकेटमधून जवळजवळ नाहीशी झाली. ज्या खेळावर देशाची प्रतिष्ठा आणि खेळाडूंची उपजीविका अवलंबून आहे, तेथे नशिबाचा वाटा कमी करणे योग्यच होते.

तथापि हौशी खेळाडूची गोष्ट वेगळी. त्याला रविवारी हरल्यावर सोमवारी कामावर जावयाचे असते. त्याच्या दृष्टीने पावसातील सामना म्हणजे आपल्या हाती नसलेल्या परिस्थितीत आपल्याकडून होईल तेवढे नीट करण्याचा धडा होता. अशा दिवशी चिखलात झुंजून काढलेल्या ४० धावा एरवीच्या शतकाच्या तोडीच्या ठरत. धावफलकावर मात्र नुसते ४० दिसत, आणि त्या दिवशी आभाळ कसे होते हे त्यावर लिहिलेले नसे. मैदानावर उभे राहून भिजलेल्या चार माणसांना ते ठाऊक असे, आणि हौशी खेळाडूला तेवढी दाद पुरत असे.